संध्याकाळी उमलणारं फूल

“जाहिरातीत वाघ सोडून सगळं लिहिलंय. आणि सकाळपासून दिसलं काय, तर एक म्हैस.”

लिमये साहेब हे आपल्या बायकोला हळू आवाजात सांगत होते. दोघं व्हरांड्यात बसले होते आणि मी पडद्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. (म्हैसही आमची नव्हती. पलीकडच्या पाड्यावरून ती रोज तळ्यात डुंबायला यायची आणि जाताना आमची झेंडूची रोपं खाऊन जायची.)

“असू दे ना,” लिमयेबाई म्हणाल्या. “हवा किती छान आहे.”

“हवा बघायला कोण बसमधून येतं, सुधा? लोकांना काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे.”

मी हलले नाही. चोरून ऐकल्यावर बाहेर जायचं तर काही ऐकलंच नाही असा चेहरा करावा लागतो, आणि तो मला कधीच जमला नाही. चहावर साय धरली. मग साय सुरकुतली. शेवटी बाबांनी मागून येऊन मला ट्रेसकट पुढं ढकललं, तेव्हा कुठं पाहुण्यांना चहा मिळाला.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी घडलं. आमचं गेस्टहाऊस सुरू होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. बाबांनी बोईसरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं रंगखात्यात काढली होती. त्यातून त्यांना एक घड्याळ मिळालं आणि एक खोकला. घड्याळ वर्षभरात बंद पडलं, खोकला मात्र वेळेवर यायचा. डॉक्टर म्हणाले, “मोकळ्या हवेत जात जा.” डॉक्टरांना बहुतेक संध्याकाळी फिरायला जा म्हणायचं होतं. बाबांनी नोकरी सोडली आणि बेटेगावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, एका तळ्याकाठी कुणा ठेकेदाराचा ओस पडलेला बंगला घेतला. तीन खोल्या, एक व्हरांडा, समोर पाणी, मागं साग आणि बांबूचं रान. फाटकावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. (रंगखात्यातला माणूस. पाटी फारच सुंदर होती. ती बघून थांबलेले लोक आत आल्यावर निराश व्हायचे.)

पाच महिन्यांत आमच्याकडे आलेले पाहुणे मला ऐकून ऐकून तोंडपाठ होते. एक सूत विकणारे गृहस्थ, ज्यांनी व्हिडिओ आहे का विचारलं आणि नाही म्हटल्यावर मनोरला जाऊन राहिले. एक नवं जोडपं, ज्यांनी तळं पाहिलंच नाही. आणि एक शेळी, जी तीन नंबरच्या खोलीत शिरून गादीवर व्यायली.

आता बाबांच्या जुन्या सुपरवायझरनं निरोप पाठवला होता: “तुझी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो. पुढं माझ्या हातात नाही.” बाबांनी तो निरोप कुणाला सांगितला नाही. मला त्याचा सुगावा आधी त्यांच्या जुन्या डब्यामुळं लागला. कारखान्यात न्यायचा तो तीन पुडांचा डबा एका सकाळी माळ्यावरून खाली आला, घासला गेला आणि फळीवर पालथा पडून राहिला. आई येता-जाता त्याच्याकडे बघायची.

अशा वेळी लिमये साहेब आले. मुंबईत त्यांची सहल कंपनी होती. जागा पसंत पडली तर दर शनिवारी ते एक भरलेली बस आमच्या दारात आणून उभी करणार होते. नाही पडली तर बाबा डबा घेऊन रंगखात्यात परत. साहेब प्राणी बघणार होते आणि बाई स्वच्छता बघणार होत्या. परीक्षा एकच, परीक्षक दोन.

माझं काम होतं मॅनेजर आणि गाईडचं. बाबांनी पोटाला चिमटा काढून मला नाशिकच्या वसतिगृहात ठेवून इंग्रजी माध्यमातून शिकवलं होतं, आणि आता त्याचं चीज व्हायची वेळ आली असं त्यांना वाटत होतं. मी जात्याच गप्प. इंग्रजी शिक्षणाचा मला एवढाच फायदा झाला, की पूर्वी मी एका भाषेत गप्प बसायचे, आता दोन भाषांत बसू लागले. कुणी काही विचारलं की घशात शब्दांची चेंगराचेंगरी व्हायची आणि त्यातून एकटा “येस” कसाबसा बाहेर पडायचा. सकाळपासून मी लिमये साहेबांना अकरा वेळा येस म्हणाले होते. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर “शैला मोरेश्वर” असं द्यायला हवं होतं. त्यांनी माझं नाव विचारलं होतं.

आता आईबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं. (असं मी आधी काही वर्षं सांगायचे. आता खरं सांगते, माझ्यामुळं झालं.)

आई तारापूरकडच्या किनाऱ्यावरची. तिच्या माहेरी दोन होड्या. जमीन ही मासळी वाळवण्यासाठी देवानं केली आहे, असं तिचं साधं मत होतं. बाबांनी तिला पहिल्यांदा तळं दाखवलं, तेव्हा सूर्य मावळत होता, बगळे परतत होते, पाणी तांबूस झालं होतं. बाबा म्हणाले, “बघ.” आईनं बघितलं. बोट ओलं करून हवेत धरलं. म्हणाली, “वारा चांगला हाय. बोंबील दोन दिसात वाळतील.”

आणि आठवड्याभरात तिनं बंगल्याच्या मागं वलांडी उभी केली. उभे बांबू, त्यांच्यावर आडवे बांबू, त्यांना बांधलेल्या दोऱ्या. दिवाळीनंतर मामा एसटीनं ओल्या बोंबलांच्या टोपल्या पाठवू लागला. मग आई दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत जायची, आणि तळ्याच्या वाऱ्यावर बोंबलांची तोरणं हलत राहायची. बाबांनी ‘निसर्गरम्य’ म्हणून जो फोटो छापला होता, त्यात कोपऱ्यात ती तोरणं आली होती. छापखान्यातल्या माणसाला ती पताका वाटली.

लिमये साहेबांचं पत्र आलं, त्यात शेवटी लिहिलं होतं: ‘आम्ही उभयता शुद्ध शाकाहारी आहोत.’ बाबांनी ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं.

“बोंबलाचं शेपूटसुद्धा दिसता कामा नये,” ते आईला म्हणाले.

“ते काय वलांडीवर येऊन बसनार हायेत?” आई म्हणाली. पण तिनंही फळीवरचा डबा बघितला होता. दुसऱ्याच दिवशी तिनं सगळे बोंबील उतरवले, टोपल्यांत भरले आणि उलट एसटीनं माहेरी पाठवले. घर धुतलं, भांडी चिंचेनं घासली, पाटा-वरवंटासुद्धा उकळत्या पाण्यानं धुतला. आमचं घर इतकं शाकाहारी कधीच नव्हतं.

मग तिनं पाहुण्यांसाठी आणलेल्या नव्या कोऱ्या पांढऱ्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल काढले. दोनदा साबणानं धुतले, नीळ घातली, पिळले. वाळत घालायला अंगणात दोरी होती. पण मागं एवढी थोरली वलांडी रिकामी, भरपूर ऊन, भरपूर वारा.

“मोकळी वलांडी बघवत नाय गो बाय,” ती मला म्हणाली. “दात पडलेल्या तोंडावानी दिसते.”

आणि तिनं सगळ्या चादरी वलांडीवर टाकल्या. दोन दिवस. पहाटेचं दव खात, दुपारचं ऊन पीत.

यात काही चुकतंय असं घरात कुणालाही वाटलं नाही, हे समजून घ्या. आमच्या घरात बोंबलाला वास नसतो. पाण्याला चव नसते, तसं. आईला तो जन्मापासून आलेला नव्हता आणि लग्नानंतर बाबांना यायचा थांबला होता. मी मात्र दहा दिवसांपूर्वीच नाशिकहून परीक्षा संपवून आले होते. माझं नाक अजून पूर्ण घरचं झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी एक नंबरच्या खोलीत मी चादर झटकून गादीवर पसरली आणि जागीच थांबले. साबणाचा वास होता, निळीचा होता, उन्हाचाही होता. आणि त्या सगळ्यांच्या मागं, घरच्या मोठ्या माणसासारखा, शांतपणे बोंबील उभा होता.

मी आईला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. मी तोंड मिटलं.

हॉर्नचं निमित्त झालं. खरी गोष्ट वेगळी आहे. वसतिगृहात पहिल्या वर्षी माझी ट्रंक उघडल्यावर शेजारच्या पलंगावरच्या मुलीनं नाक वर करून इकडं तिकडं बघितलं होतं. मी म्हणाले होते, “नवीन ट्रंक आहे, रंगाचा वास येतोय.” ट्रंक आजोबांच्या वेळची होती. तेव्हापासून वास या विषयावर मी कुणाशी बोलत नसे. अगदी मोगऱ्याबद्दलसुद्धा.

चहा झाला. बाई आंघोळीला गेल्या. बाहेर आल्या त्या हातात टॉवेल घेऊनच.

“अहो, या टॉवेलला कसला तरी वास येतोय का?” त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं. बाई खरंच चांगल्या होत्या. त्यामुळं जास्त भीती वाटली.

आईनं टॉवेल घेतला, त्यात नाक खुपसलं, मनापासून श्वास घेतला. “मला तं कसला नाय येत.”

बाबांनी हुंगला. “उन्हाचा वास आहे, बाई. मुंबईत एवढं ऊन कपड्यांना मिळत नाही ना, त्यामुळं तुम्हाला नवीन वाटतो.”

“ऊन नाही,” बाई म्हणाल्या. “उग्र आहे काहीतरी. पण कशाचा ते ओळखता येत नाही.”

लिमये साहेबांनी हुंगला. कपाळाला आठ्या पडल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं. “शैला, तू सांग. ती इंग्रजी माध्यमाची आहे,” त्यांनी साहेबांना खुलासा केला. जणू वासाला माध्यम असतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला फळीवरचा डबा दिसला, ट्रंक दिसली, नाक वर केलेली ती मुलगी दिसली. आणि माझ्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदा येस सोडून, एक वेगळा शब्द बाहेर पडला.

“फ्लॉवर.”

“कसलं?” साहेब म्हणाले.

“वाइल्ड.”

बाबांचा चेहरा उजळला. “हो हो. तळ्याकाठी भरपूर आहेत,” ते म्हणाले. (बाबांना कुठलं फूल ते माहीत नव्हतं. पण पाहुण्यांना आपल्याकडची एखादी गोष्ट जाणवली, आणि ती भरपूर आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.)

साहेबांनी खिशातून वही काढली. “मी वाचलंय याबद्दल. सुरणाच्या फुलाला म्हणे सडक्या मांसासारखा वास येतो. माशा बोलावण्यासाठी. हेही त्यातलंच काहीतरी असणार. संध्याकाळी उमलतं का?”

“येस,” मी म्हणाले. सवयीनं.

“आणि वाऱ्यानं वास कपड्यांत उतरतो?”

“येस.”

“दुर्मीळ असेल?”

“येस.”

तीन येसमध्ये मी एक झाड लावलं, वाढवलं आणि ते नष्टप्रायही करून टाकलं.

बाईंनी टॉवेलकडे नव्या नजरेनं बघितलं. “फुलाचा आहे होय,” म्हणाल्या, आणि पुन्हा केस पुसू लागल्या. साहेबांनी आपला टॉवेल गळ्यात टाकला आणि दिवसभर तो काढलाच नाही. इथून पुढं जे झालं त्याला हा टॉवेल कारणीभूत आहे.

जेवणं झाली. दोघं दुपारी चादरी अंगावर ओढून दोन तास गाढ झोपले. तीनच्या सुमारास साहेब उठले आणि खिडकीत त्यांना रानमांजर दिसलं. भर दिवसा. गजांच्या पलीकडे, हातभर अंतरावर, पाय जोडून बसलेलं. ते साहेबांकडे बघत होतं आणि मधूनच जीभ फिरवत होतं.

“सुधा,” साहेब कुजबुजले, “हलू नकोस. ते घाबरत नाहीये. बघ, त्याच्या डोळ्यांत किती विश्वास आहे.”

ते बाहेर आले तर व्हरांड्याच्या पायरीशी मुंगसाची जोडी. साहेब एक पायरी उतरले, मुंगसं एक पायरी चढली. पाच महिन्यांत घरच्यांनी मुंगसाची फक्त शेपटी बघितली होती, तीही झुडपात जाताना. बाबा दारात हात जोडून उभे राहिले. कुणाला जोडले होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“मोरेश्वरराव, हे नेहमी असं असतं?”

“नेहमी,” बाबा म्हणाले. तेवढ्यात एक मुंगूस साहेबांच्या पायजम्याला नाक लावून गेलं. “आज जरा जास्त आहे,” बाबांनी भर घातली.

“त्या फुलाचाच परिणाम,” साहेब म्हणाले. “नुसत्या माशाच नव्हे, सगळे प्राणी त्या वासावर येतात. मला ते फूल बघायचंय. आत्ता.”

बाबांनी जानकीला हाक मारली. जानकी आमच्याकडे झाडलोट करायची. पलीकडच्या पाड्यावरची वारली बाई, पन्नाशीची, आणि या रानातल्या गवताच्या पात्यालाही नावानं ओळखणारी.

“जानकी, ते संध्याकाळी उमलणारं, वासाचं फूल कुठं असतं गं?”

“कुठला फूल?”

“ज्याचा वास या टॉवेलला येतोय.” साहेबांनी स्वतःच टॉवेलचं टोक तिच्यासमोर धरलं.

जानकीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग अगदी सावकाश तिनं माझ्याकडे बघितलं. “ताय, ह्या तं...”

मी तिच्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरकडे बघू लागले. तारीख कुठली होती ते आजही सांगू शकेन. जानकीनं माझा चेहरा वाचला. पदर तोंडाला लावला. तिचे खांदे एकदा हलले.

“हाय,” ती म्हणाली. “पन लय लांब हाय. दर्याकडं.”

“दर्याकडं? मग इथं कसं आलं?”

“एसटीनं,” जानकी म्हणाली आणि झाडू घेऊन आत गेली.

साहेबांना तो ग्रामीण विनोद वाटला. ते मोठ्यानं हसले आणि फूल शोधायला तळ्याकडे निघाले. मी गाईड, म्हणून मागोमाग. गळ्यात टॉवेल टाकून साहेब काठाकाठानं चालत होते आणि प्रत्येक झुडपापाशी वाकून हुंगत होते. झुडपातून दोन बगळे निघाले, ते त्यांच्या मागं चालू लागले. रानमांजर घरापासूनच होतं. मग पाड्यावरची तीन कुत्री. वर घारी घिरट्या घालायला लागल्या, आधी एक, मग चार. पाण्यात काहीतरी चमकलं, डोकं वर आलं, मिश्या दिसल्या: पाणमांजर. मागून दुसरं. ती दोघं पाण्यातून साहेबांच्या बरोबरीनं पोहू लागली, साहेब थांबले की थांबत, चालले की चालत. आणि सगळ्यात मागं मी, इंग्रजी माध्यमाची.

खरं सांगते, तेवढी दहा मिनिटं मी माझी भीतीसुद्धा विसरून गेले. एवढी सगळी मंडळी आमच्या आजूबाजूला राहत होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. पाणमांजराचं नाक इतक्या जवळून मी नंतर कधी पाहिलं नाही. ते ओलं, काळं, आणि कमालीचं उत्सुक होतं.

साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. “मिस,” ते मला म्हणाले, “आजवर शंभर जागा पाहिल्या असतील मी. प्राणी माझ्याकडे असे कुठंच आले नाहीत.”

“येस,” मी म्हणाले. आणि पहिल्यांदाच मला त्यांची दया आली, आणि माझी लाज.

त्याच क्षणी बंगल्यातून लिमयेबाईंची किंकाळी आली.

आम्ही धावलो. (सगळे धावलो. बगळे सोडून.) एक नंबरच्या खोलीत बाई टेबलावर उभ्या होत्या आणि पलंगावर, त्यांची चादर अर्धी अंगावर घेऊन, एक साडेतीन फुटांची घोरपड आडवी झाली होती. दुभंगलेली जीभ काढून ती उशी चाटत होती.

“परत डोळा लागला होता, उघडला तर माझ्या शेजारी,” बाई म्हणाल्या. आणि त्यांनी पलंगाकडे बोट दाखवलं.

बाबांनी घोरपडीला नमस्कार केला. त्या दिवशी त्यांचे हात आपोआप जोडले जात होते. जानकी आली, तिनं घोरपडीची शेपटी धरली, दुसऱ्या हातानं मान धरली आणि तांब्या उचलावा तशी तिला उचलली. “उतरा बाय खाली. ती काय करत नाय. हुंगाय आलेली बिचारी.” घोरपड जाताना चादरीचं एक टोक दातांत धरून गेली. जानकीनं ते सोडवून घेतलं.

“सामान भरा,” बाई टेबलावरूनच म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता बोईसर स्टेशन.”

बाबांचा चेहरा पडला. त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. आई पाणी घेऊन आली. मला कळलं, हरलो.

पण साहेब हलायला तयार नव्हते. त्यांनी बाईंना हात देऊन खाली उतरवलं, व्हरांड्यात आणून बसवलं, स्वतः समोर बसले आणि वही उघडली. “सुधा, तुला जिथं घोरपड उठवायला येते अशी जागा लोकांना सांगून खरी वाटणार नाही. खिडक्यांना जाळ्या लावून घेऊ. पण बस इथंच येणार. दर शनिवारी.”

बाबा खाली पायरीवर बसले.

साहेब लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले. “‘इथं आपण प्राण्यांकडे जात नाही, प्राणी आपल्याकडे येतात. तळ्याकाठी संध्याकाळी उमलणाऱ्या एका दुर्मीळ रानफुलाच्या गंधानं भारून...’ पहिल्याच बसमध्ये आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना घेऊन येतो. वनस्पतीशास्त्राचे आहेत. आणि एक रोप मी घेऊन जाणार. बाल्कनीत लावतो.”

“बाल्कनीत नको,” बाई म्हणाल्या.

आई दारात उभी होती. खोलीतली ती चादर घडी करून तिच्या हातात होती. साहेबांचं फूल-फूल ऐकून तिनं सहज ती नाकाशी नेली. पहिल्यांदा काहीच नाही. मग तिनं डोळे मिटले आणि पुन्हा हुंगली, आणि तिचा चेहरा माहेरचं पत्र आल्यासारखा मऊ झाला. तो वास तिला आयुष्यात पहिल्यांदा आला होता. डोळे उघडून तिनं मागच्या वलांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बाय,” ती अगदी हळू म्हणाली, “तुला म्हाईत होता?”

मी मान खाली घातली.

“मंग फूल कशाला सांगितलास? आपल्यात काय कमी हाय?”

तिनं रागानं विचारलं नव्हतं. रागानं विचारलं असतं तर मी येस म्हणून सुटले असते.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण त्या क्षणी ते कुणालाच माहीत नव्हतं. बस आली. दर शनिवारी नाही, पण पुष्कळ शनिवारी. बाबांचा डबा पुन्हा माळ्यावर गेला. खरं कळल्यावर साहेब आधी गळ्यातला टॉवेल काढून त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग इतके हसले की बाईंना त्यांची पाठ चोळावी लागली. चादरी नंतर मुंबईहून बाईंनीच पाठवल्या, आईनं त्यांना हात लावायचा नाही या अटीवर. मामाच्या टोपल्या परत सुरू झाल्या, आणि माहितीपत्रकात बोंबलांच्या वलांडीखाली छापलं गेलं: ‘पक्षिनिरीक्षणाची जागा’. बाई एकदा नाक दाबून तिथं उभ्या राहिल्या आणि त्यांनी पंधरा प्रकारचे पक्षी मोजले.

पण हे सगळं नंतर. तेव्हा व्हरांड्यात ऊन तिरपं आलं होतं. पायरीवर बाबा श्वास धरून बसले होते, फाटकाशी रानमांजर बसलं होतं. साहेबांनी वाक्य संपवत आणलं, एक जागा रिकामी सोडली, आणि पेन तिथं टेकवून माझ्याकडे बघितलं.

“मिस, या फुलाचं इथलं नाव काय?”

मी आईकडे बघितलं. बाबांकडे बघायचं धाडस झालं नाही. मग नाशिकच्या शाळेतल्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी ताठ उभी राहिले, हनुवटी वर केली, पोटातून श्वास घेतला. अकरा वर्षांच्या इंग्रजी शिक्षणात जेवढा स्पष्ट उच्चार मला जमवता आला होता, तो सगळा मी एका शब्दात ओतला.

“बोंबील,” मी म्हणाले.